एवढं झाल्यावर वाईट वाटणारच

मान खाली घालून सुईत दोरा ओवायला गेले की मानेपासून कमरेपर्यंत करंट उतरायचा. सर्रकन यायचा आणि मान वर केली की गायब. मला वाटलं, शिलाई मशीनच्या मोटरीत करंट उतरलाय. आमच्या यांचं अमळनेरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या जळालेल्या मोटरी भरून देणं हा त्यांचा धंदा. त्यांनी टेस्टर लावून पाहिला, अर्थिंग तपासलं, माझ्या पायाखाली रबरी मॅट टाकली. तरी करंट यायचाच. मग एक दिवस स्वयंपाकघरात मेथी निवडताना मान वाकवली आणि तिथंही तोच झटका बसला. तिथं कुठलं मशीन नव्हतं.

ही नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट. त्याच महिन्यात कमरेभोवती कुणीतरी परकराचा नाडा आवळून बांधलाय असं वाटायला लागलं. नाडा सैल केला तरी आवळ तशीच. तळपायांना जमीन लागेना, गादीवरून चालल्यासारखं व्हायचं. पायडल दाबलंय की सोडलंय हे पायाला कळेना, आणि एका दुपारी सुई माझ्या बोटावरून गेली. वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, असं कधी झालं नव्हतं.

आणखी मागे गेलं तर डिसेंबर २०१८ मध्ये उजवा डोळा दुखला होता. डोळा फिरवला की आत ठणका मारायचा, समोरचं धूसर दिसायचं. एका गिऱ्हाइकाच्या लाल कापडाला दोरा लावून बघत होते, डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो मिटला, तर हातातलं लालभडक रीळ एकदम विटलेलं दिसलं. पुन्हा डावा उघडला की लाल. औषधांनी दीड महिन्यात डोळा सुधारला आणि आम्ही सगळे ते विसरलो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं, आणि मेंदूच्या नसांच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. शरीराचं रक्षण करणारी जी यंत्रणा असते तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. त्या आवरणाला मायलिन म्हणतात. ते गेलं की निरोप नीट पोचत नाही.

हे लगेच म्हणाले, "म्हणजे वायरवरचं वार्निश उडालंय."

डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच."

"मग गरम झाल्यावर जास्त त्रास होत असेल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. ते डॉक्टरांनी अजून सांगितलंच नव्हतं. वार्निश कच्चं झालेली मोटर सकाळी गारव्यात चालते आणि दुपारी तापली की बंद पडते, हे आमच्या यांना रोजचं. डॉक्टरांनी सांगितलं की उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हेच रुग्णांमध्ये नोंदवलं होतं: श्रमाने अंग तापलं की नजर मंदावते, आणि विसावा घेतला की परत येते. आम्ही खान्देशातले. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो. त्या दिवशी परतीच्या वाटेवर चांदवडच्या घाटात हे मला धीर देत होते, "कूलर मोठा घेऊ, घरावर पांढरा रंग मारू, मोटर थंड ठेवायची एवढंच." त्यांना आजार कळला होता. मलाही कळला होता. पण त्या आजाराचा जो भाग पुढचे चौदा महिने मला खात राहिला, तो आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. मोटरीला वाईट वाटत नाही ना.

नाशिकला डॉक्टरांनी औषधं ठरवताना एक प्रश्न विचारला होता: "पूर्वी कधी उदासीचा त्रास झालाय? काही इंजेक्शनं आहेत या आजाराची, त्यांनी मन खालावू शकतं, म्हणून विचारतो." मी "नाही" म्हटलं. ते खरं नव्हतं. मुलीच्या जन्मानंतर चार-पाच महिने मी भिंतीकडे तोंड करून काढले होते. बाळ रडायचं आणि मला ते कुणा दुसरीचं वाटायचं. त्याला तेव्हा कुणी नाव दिलं नव्हतं, "बाळंतिणीला होतं असं" म्हणून सगळे गप्प बसले होते. शेजारी हे बसलेले, मी कशी सांगणार? मला इंजेक्शनं नाही, दोन वेळच्या कॅप्सूल मिळाल्या, त्यामुळे त्या खोट्याने नुकसान झालं नाही. पण आज कुणी हा प्रश्न विचारला तर नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर पाठवून खरं उत्तर देईन.

आधी सलाइनमधून पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टिरॉइड दिलं. त्याने पायांत जाणीव परत आली, कमरेचा नाडा सैल झाला. आणि मी झोपेनाशी झाले. घरी आल्यावर रात्री तीनला उठून चार ब्लाऊज कापले, डबे घासले, मुलीला झोपेतून उठवून तिच्या दहावीच्या पुढचे बेत सांगितले. मला वाटलं मी बरी झाले. आठवडाभराने हे सगळं उतरलं आणि मी अशी खाली आले की वर यायचा रस्ता दिसेना. स्टिरॉइडने मन असं चढतं आणि उतरतं हे मला फार उशिरा कळलं.

पुढचं सांगणं अवघड आहे, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. मी फारशी रडत नव्हते. कपड्यांची गाठोडी कोपऱ्यात साचत गेली, गिऱ्हाइकं येऊन न शिवलेली कापडं परत घेऊन जाऊ लागली, आणि मला त्याचं काहीच वाटेना. मशीनला तेल घातलं नाही. मुलगी शाळेतून येऊन काही सांगायला लागली की तिच्या आवाजाचाच राग यायचा, मी ओरडायचे, मग रात्री पश्चात्तापाने जागी राहायचे. श्रावणात आमच्या भाऊबंदांच्या कानबाईचे रोट असतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रात्रभर जागरण होतं, सोमवारी तिला नदीवर नेतात. माझी सासू दर वर्षी मला शेजारी घेऊन पुरण करते. त्या वर्षी मी पाटावर बसले होते, समोर कानबाईचा श्रीफळाचा मुखवटा, नथ, फुलं, सगळ्या बाया गात होत्या आणि मला ते काचेच्या पलीकडचं वाटत होतं. ऐकू येत होतं, पोचत नव्हतं. माझ्या डोळ्याला लाल रंग विटका दिसायचा ना, तसं सगळंच. फक्त आता दुसरा डोळा उघडून खरा रंग बघायची सोय नव्हती.

माझ्या जावेने विचारलं, "वहिनी अशा का बसल्यात?" सासूबाई म्हणाल्या, "एवढं झाल्यावर वाईट वाटणारच."

हे वाक्य त्यांनी मायेने म्हटलं होतं. माझी आई पारोळ्याकडच्या खेड्यातून यायची, माझ्या केसांना तेल लावायची, "कसाले रडस व बाई" म्हणायची, मी रडत नसतानाही, आणि शेवटी तिचंही तेच: एवढा मोठा आजार, वाईट वाटणारच. हेही तेच म्हणायचे. रक्त तपासायला जायचे तिथला कंपाउंडर तेच म्हणाला. मी स्वतः तेच म्हणत होते. कुणाचंही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच या वाक्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. दुःखाला इतकं सबळ कारण हाताशी होतं की पुढे काही शोधायची गरज कुणाला वाटली नाही. ताप आला तर आपण "पावसात भिजलीस, ताप येणारच" म्हणून गप्प बसत नाही, थर्मामीटर लावतो, गोळी आणतो. इथं कारण सापडलं की उपचार संपला.

एका नातेवाईक बाईंनी बाहेरचं असेल म्हणून एका भगताकडे न्यायचा आग्रह धरला. सासूबाई मला घेऊन गेल्या, दंडाला काळा दोरा बांधून आणला. मला त्यांचा राग नाही. त्या निदान काहीतरी करत होत्या.

२०२३ उजाडलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले नाही. झोके, गौराई, मैत्रिणी, वर्षभर ज्या दिवसाची वाट बघतो तो दिवस, आणि मी "ऊन झेपत नाही" म्हणून कळवलं. ऊन हे खरं होतं, पण कारण ते नव्हतं. त्या दिवसांत रात्री झोपताना मनात यायचं की उद्या सकाळ झालीच नाही तर किती बरं होईल. जीव द्यावा असं नव्हतं ते, निदान सुरुवातीला नव्हतं. नुसतं, नको आता, असं. मी हे कुणाला बोलले नाही, कारण घरात दोन माणसं माझ्या औषधांसाठी राबत होती आणि त्यांना हे ऐकवणं मला कृतघ्नपणा वाटायचा.

आखाजीनंतर, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, नाशिकला तपासणीची तारीख होती. बाहेरच्या बाकावर बसलो असताना एक मुलगी, बहुतेक शिकाऊ डॉक्टर, एक कागद देऊन गेली. मराठीत नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत पुढील त्रास किती वेळा झाला: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्याला शून्य ते तीन गुण. अक्षरं बारीक, माझा उजवा डोळा उन्हाने मंदावलेला. मी कागद यांच्या हातात दिला. म्हटलं, "तुम्ही वाचा, मी सांगते तिथं खूण करा."

त्यांनी पहिला वाचला, कामात रस किंवा आनंद न वाटणे. मी म्हटलं रोज. त्यांनी खूण केली. दुसरा, उदास, निराश वाटणे. रोज. तिसरा झोपेचा, चौथा थकव्याचा, तिथं त्यांनी न विचारताच तीनवर खूण केली, ते त्यांना माहीत होतं. भूक. दोन. मग सहावा आला: आपण वाईट आहोत, अपयशी आहोत, आपण स्वतःला किंवा घरच्यांना निराश केलं आहे असं वाटणे. ते वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला. मी "रोज" म्हटलं तेव्हा पेन तसंच राहिलं. "रोज?" मी मान हलवली. सातवा लक्ष न लागण्याचा, आठवा हालचाली मंदावण्याचा. तिथंही दोन आणि एक. नववा त्यांनी आधी मनातच वाचला. ओठ हलत होते. मग मला म्हणाले, "हा तुझ्यासाठी नाही." मी म्हटलं, "वाचा." त्यांनी वाचला. आपण मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येणे.

मी म्हटलं, "काही दिवस. लिहा एक."

सतरा वर्षांच्या संसारात आम्ही असे कधी बोललो नव्हतो. तेही बोलणं नव्हतं, एका छापील कागदाने विचारलं आणि मी आकडा सांगितला. पण जे मला स्वतःच्या शब्दांत सांगताच आलं नसतं, ते आकड्यात सांगता आलं. त्यांच्या हाताला वार्निशचा वास कायम असतो. तोच हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि आत नाव पुकारेपर्यंत तसाच ठेवला.

बेरीज एकवीस झाली. सत्तावीसपैकी. डॉक्टरांनी कागद बघितला आणि बाकीच्या तपासण्या बाजूला ठेवल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच रात्री मापाच्या वहीत लिहून काढलं, म्हणून नीट आठवतं.

ते म्हणाले, या कागदातले तीन-चार प्रश्न एमएसच्या माणसात फसवतात. थकवा, झोप, लक्ष न लागणं, हालचाल मंद होणं, हे एमएसनेही होतं आणि डिप्रेशननेही. म्हणून बऱ्याचदा डॉक्टरही सगळं एमएसच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. तेवढे सोडून बाकीचे बघायचे: आनंद गेलाय का, स्वतःला दोष देताय का, जगणं नकोसं झालंय का. तुमचे ते सगळे वर आहेत. दुसरं, एमएस असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं, इतरांपेक्षा कितीतरी जास्त. आजाराच्या चिंतेने येतं हे खरं, पण एवढंच नाही. मेंदूत जी सूज येते, जे व्रण पडतात, त्यांचाही त्यात हात असतो. आणि चालता येतं की नाही यावर ते ठरत नाही. चाकाच्या खुर्चीवरची माणसं आनंदात असलेली मी पाहिलीत आणि धावणारी कोसळलेली पाहिलीत. मग त्यांनी सरळ विचारलं, मरणाच्या विचारांत काही बेत आहे का, काही जवळ ठेवलंय का. असं कुणी विचारलं तर माणूस हादरेल असं मला वाटायचं. मला हायसं वाटलं. बेत नव्हता, तसं सांगितलं. ते म्हणाले, या आजारात आत्महत्येचा धोका जास्त असतो, म्हणून मी प्रत्येकाला विचारणार.

मी म्हटलं, "पण डॉक्टर, एवढं झाल्यावर वाईट वाटणारच ना?"

"वाटणारच," ते म्हणाले. "पाय मोडला तर दुखणारच. म्हणून प्लास्टर घालायचं नाही का?"

पुढे मी वाचलं की पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची नीट ओळख पटवली, तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानांत रुग्णांची स्मरणशक्ती आणि भावना मंदावतात हेही सांगितलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट माझ्यापर्यंत पोचायला एका बाकावरचा कागद लागला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मानसोपचाराचे डॉक्टर जळगावला पाहिले. अमळनेरात ओळखी फार. त्या पाटीखालून आत जाताना कुणी पाहिलं तर, हा विचार तेव्हा मोठा होता. सुरत-भुसावळ लाइनवर सकाळची गाडी धरली, धरणगाव जाईपर्यंत मी दोनदा परत फिरू म्हटलं. तिथं पाऊण तास बोलणं झालं. त्यांनी थायरॉइड, बी-बारा आणि डी जीवनसत्त्व तपासायला सांगितलं, कारण ते कमी असले तरी माणूस असाच मलूल होतो. माझं बी-बारा खरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. बाळंतपणानंतरचे ते महिने मी पहिल्यांदा तिथं सांगितले. आणि एक गोळी सुरू झाली, एसिटालोप्राम, आधी अर्धी, मग पूर्ण. एमएसच्या कॅप्सूल चालूच ठेवायच्या, नाशिकच्या डॉक्टरांना गोळीचं नाव कळवायचं.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. मळमळ, तोंडाला कोरड, छातीत धडधड, आणि मन तिथंच. त्यात मे महिना. दुपारी बारानंतर पाय ओल्या कापसासारखे व्हायचे, डोळ्यापुढे धूर. अकराव्या रात्री मी ठरवलं की गोळी बंद. घरात सगळे झोपलेले, कूलरचा आवाज. टेलीमानसचा १४४१६ हा नंबर जळगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे लिहून दिला होता; केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये मनाच्या त्रासासाठी सुरू केलेली मोफत फोनसेवा, दिवसरात्र चालते. मी गच्चीवर जाऊन लावला. पलीकडे मराठी बोलणारी बाई होती. तिने उपदेश केला नाही. आत्ता कुठे आहात, घरात कोण जागं होऊ शकेल, हे विचारलं. मग म्हणाली की या गोळ्यांचा त्रास आधी येतो आणि गुण मागून येतो, दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक दिसायला त्याहूनही जास्त. डॉक्टरांना न विचारता सोडू नका. खाली येऊन मी यांना उठवलं. आम्ही दोघं पहाटेपर्यंत ओट्यावर बसलो.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी मला कांदा परतल्याचा वास आला. वास रोजच येत असणार. पण त्या दिवशी तो आला आणि भूक लागली. सासूबाईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, मी दुसरी भाकरी मागितली, तर त्या पदराने डोळे पुसायला लागल्या.

गोळीने मला उभं केलं, पण चालायला शिकवलं ते समुपदेशक ताईंनी. जून ते सप्टेंबर, दर आठवड्याला फोनवर, कारण दर वेळी जळगावला जाणं माझ्या पायांना शक्य नव्हतं. एमएसच्या माणसांना फोनवरून केलेलं समुपदेशनही लागू पडतं हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी वही करायला लावली. माझ्याकडे मापाची वही होती, वर्षभर नवं माप पडलं नव्हतं. एका पानावर छाती, कंबर, बाही, गळा. समोरच्या कोऱ्या पानावर मी तास लिहायला लागले. आठ ते नऊ, पडून. नऊ ते दहा, पडून. प्रत्येकासमोर किती बरं वाटलं त्याचा आकडा, दहापैकी. पहिल्या आठवड्यात सगळीकडे शून्य आणि एक. ताई म्हणाल्या, एक कुठे कुठे आहे ते बघा. सगळे एक सकाळी सहाच्या आसपास, ओट्यावर मुलीची वेणी घालताना.

तिथून सुरुवात केली. बरं वाटेल तेव्हा काम करेन, असं मी म्हणायचे. त्यांनी ते उलटं करायला सांगितलं: आधी थोडं काम, बरं वाटणं मागून येईल. पण एमएसच्या बेताने. वीस मिनिटं मशीन, मग उठायचं, थकण्याच्या आधी उठायचं. पहिलं काम साधं होतं, हातरुमालाला कडेने टीप. मशीनमध्ये तेल घातलं तेव्हा ते वर्षभराच्या धुळीने करकरलं. उन्हाळ्यात पहाटे साडेचार ते नऊ एवढंच काम, मानेवर ओला नॅपकिन, दुपारी कूलरसमोर. पूर्वी दुपारी नजर मंदावली की मी ठरवून टाकायचे, गेला डोळा, आता संपलं. ताईंनी मला तेच वाक्य वहीत लिहायला लावलं आणि समोर संध्याकाळी सातला पुन्हा डोळा तपासून लिहायला सांगितलं. लाल रीळ हातात धरून मी रोज सातला बघायचे. रोज रंग परत आलेला असायचा. वीस दिवसांच्या नोंदी बघितल्यावर मला माझं दुपारचं बोलणं खरं वाटेनासं झालं.

सगळं सरळ झालं नाही. एका जवळच्या बाईंनी, "मागच्या रविवारी तर लग्नात नाचत होती, आज म्हणे चालवत नाही," असं माझ्यासमोर म्हटलं. हा आजार आज दिसतो आणि उद्या दिसत नाही, आणि डिप्रेशन तर कधीच दिसत नाही. त्या रात्री मी परत खूप खाली गेले. वहीत त्या दिवसाचं पान रिकामं आहे.

जानेवारी २०२४ मध्ये डाव्या हाताची बोटं बधिर झाली आणि पुन्हा स्टिरॉइड घ्यायची वेळ आली. या वेळी आम्ही तयारीत होतो. नाशिकहून जळगावच्या डॉक्टरांना आधी फोन झाला. सलाइन सकाळी लवकर लावायचं ठरलं, म्हणजे रात्रीची झोप जास्त मोडणार नाही. यांनी मी किती तास झोपते ते दुकानाच्या डायरीत, मोटरींच्या हिशेबाशेजारी, लिहिलं. दहाव्या दिवशी मन उतरायला लागलं तेव्हा आम्हाला ते ओळखू आलं. पंधरा दिवसांत सावरलं, चौदा महिने लागले नाहीत.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही त्याच वर्षी केलं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये जे एकवीस प्रकार दिले आहेत त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, हे अनेकांना माहीत नसतं. एमआरआय, नाशिकचे कागद, ऑनलाइन अर्ज, मग मंडळासमोर तपासणी. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही, रांग होती आणि खुर्च्या कमी होत्या.

आता दिवसाला दोन ब्लाऊज होतात, हिवाळ्यात तीन. आखाजीला माहेरी जाते, झोक्यावर बसत नाही, मुलींना झोका देते. गोळी अजून चालू आहे. कधी बंद करायची ते डॉक्टर ठरवतील, मला घाई नाही.

नऊ प्रश्नांचा तो कागद मापाच्या वहीत घडी घालून ठेवलाय, त्याच्या प्रती काढल्यात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे तो वाचतात आणि मी आकडे सांगते. बेरीज सहा-सातच्या घरात असते. यंदाच्या मे महिन्यात नवव्या प्रश्नाला मी थोडा वेळ घेतला. म्हटलं, "एक."

ते थांबले नाहीत, आवाजही हळू झाला नाही. "कधी?"

"सोमवारी दुपारी. लाइट गेली होती तेव्हा."

त्यांनी एकवर खूण केली, तारीख घातली आणि जळगावला फोन लावला. मुलगी बादली घेऊन कूलर भरत होती.